‘तिथं आमच्या गावचं कोण असंल का?’

(तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त समुपदेशक बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मघाशी ओळख करून देताना माझ्या विषयाला ‘एड्स जनजागृती’ म्हटलं गेलं. त्यात कुणाची चूक नाही, इतकी वर्षं सगळीकडे तेच नाव चालत आलंय. पण एच.आय.व्ही. कशानं होतो आणि कशानं होत नाही हे सांगायला मी आलेले नाही. ते एस.टी. स्टँडच्या भिंतींवर रंगवून झालं, शाळेच्या पोरांनी त्याच्या प्रभातफेऱ्या काढल्या, चौकाचौकात पथनाट्यं झाली. तुम्हाला ते पाठ आहे. डास चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. मला बोलायचंय त्याच्या पुढचं. तपासणी झाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, माणूस खोलीतून बाहेर पडला. तिथून पहिल्या गोळीपर्यंत तो पोचतो कसा? आणि पोचत नाही तो कुठे अडतो?

मी २००६ पासून सोळा वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक होते. पाटीवर ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असं लांबलचक नाव. ते कुणी वाचायचं नाही. लोक ‘बारा नंबर’ म्हणायचे, कारण खोलीचा नंबर बारा होता. पुढेपुढे गावात भांडण झालं की एकमेकांना शिवी दिल्यासारखं म्हणायचे, ‘जा, बारा नंबरला जाऊन ये.’ मग आम्ही खोली बदलून घेतली. सातव्या खोलीत गेलो. सहा महिन्यांत सातलाही तोच मान मिळाला.

२००९ सालातली गोष्ट सांगते. पस्तिशीचा माणूस, टेम्पो चालवायचा. खोकला जात नव्हता म्हणून डॉक्टरांनी पाठवलेला. आपल्याकडे एकाच रक्तावर तीन वेगवेगळ्या किटनी तपासणी होते आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. त्याच्या तिन्ही जुळल्या. मी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. दार लावलं, पाणी दिलं, गप्प बसले, मग बोलले. तो रडला नाही. मी जिल्ह्याच्या ए.आर.टी. केंद्राची, म्हणजे एच.आय.व्ही.च्या गोळ्या देणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी लिहून दिली. आमच्या गावापासून जिल्ह्याचं सिव्हिल साठेक किलोमीटर. त्यानं चिठ्ठीची चौघडी केली, खिशात घातली, परत काढली, आणि तंबाखूच्या पुडीमागं नीट दडवली. उठता उठता त्यानं एकच प्रश्न विचारला.

‘म्याडम, तिथं आमच्या गावचं कोण असंल का?’

मी म्हटलं, ‘कशाला असेल? आणि असला तरी तोही त्यासाठीच आलेला असणार ना!’

माझ्या मते मी फार शहाणं उत्तर दिलं होतं. त्या उत्तराची लाज मला अजून वाटते.

तो सिव्हिलला गेला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. आमच्या भाषेत जे पोचत नाहीत त्यांना ‘मिसिंग’ म्हणतात. दर महिन्याला जिल्ह्याला बैठक असायची, तिथे आमची यादी आणि ए.आर.टी.ची यादी शेजारी ठेवून टीक करायचं. ज्याच्या नावापुढे टीक नाही तो मिसिंग. हा मिसिंग होता. म्हणजे कागदाच्या हिशेबानं हा गेलाच नाही. पण तो गेला होता. सकाळच्या गाडीनं गेला, सिव्हिलच्या गेटवर चौकशी केली, केसपेपर काढला, ए.आर.टी.च्या बाकड्यापर्यंत पोचला. आणि त्या बाकड्यावर त्याच्या भावकीतला एक माणूस बसला होता. दोघांनी एकमेकांना बघितलं. हा ‘रस्ता चुकलो’ असं पुटपुटून मागे वळला आणि जो गेला तो पुन्हा तीन वर्षांनी आमच्याकडे आला, तेव्हा बायकोनं आणि मेव्हण्यानं दोन्हीकडून धरून आणला होता. टी.बी. अंगभर पसरलेला. सी.डी. फोर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा, निघाला ३८. निरोगी माणसात तो साधारण पाचशेच्या वर असतो. सव्वा महिन्यात तो गेला.

आणि तो बाकड्यावरचा? ते मला खूप वर्षांनी कळलं. त्यानंच येऊन सांगितलं. ह्याला बघून त्याचीही गाळण उडाली होती. आता हा गावात सांगणार, असं टेम्पोवाल्याला वाटलं, तसंच त्यालाही वाटलं. तोही त्या दिवशी गोळ्या न घेता निघून आला आणि दोन महिने गेलाच नाही. दोघंही एकाच गल्लीत राहत होते. एकमेकांची वाट चुकवत.

मी सोळा वर्षं अहवालात ‘न पोचण्याची कारणं’ लिहिली. अंतर, पैसा, अज्ञान, व्यसन. फॉर्ममध्ये रकानेच तेवढे होते. ‘बाकडं’ असा रकाना नव्हता. आम्ही किलोमीटर मोजत होतो आणि पेशंट डोळे मोजत होता. गावातून निघाल्यापासून गोळीची बाटली हातात येईपर्यंत किती जण आपल्याला बघणार, किती जणांना तोंडानं सांगावं लागणार, हा त्याचा हिशेब.

हिशेब करून बघा. गेटवरच्या वॉचमनला विचारायचं, ए.आर.टी. कुठंय. केसपेपरच्या खिडकीवर मागे वीस माणसं उभी असताना आतला क्लार्क विचारणार, ‘कुठल्या डिपार्टमेंटला?’ मग रक्ताची खोली. मग एक्सरे, टी.बी. आहे का बघायला. मग समुपदेशक, मग डॉक्टर, मग औषधाची खिडकी. एका सिव्हिलमध्ये मी स्वतः पेशंट घेऊन गेले होते, तिथले एक मामा, मनानं अगदी चांगले, मदत करायची म्हणून पॅसेजमध्ये ओरडून सांगत होते, ‘ए.आर.टी.वाले डावीकडे! ए.आर.टी.वाले इकडे या!’ माझ्याबरोबरची बाई सरळ उजवीकडे गेली. डोळ्यांच्या ओ.पी.डी.त जाऊन बसली. तिला तिथून परत आणायला मला पाऊण तास लागला.

आता थोडा इतिहास. तो कंटाळवाणा वाटेल, पण लोक का गेले नाहीत हे कळायला तो लागतो.

आपल्या देशात एच.आय.व्ही. पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनीच्या तपासणीत. १९९२ मध्ये नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, स्थापन झाली. पण सरकारी दवाखान्यात फुकट औषध मिळायला लागलं १ एप्रिल २००४ ला. सुरुवातीला देशभरात मिळून आठ रुग्णालयं, त्यात आपल्या मुंबईचं जे.जे.ही होतं. या मधली वर्षं मोजा. तेवढा काळ पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे नुसता रिपोर्टच. पुढे काही नाही. गंमत बघा, २००१ मध्ये मुंबईच्याच सिप्ला कंपनीनं तीन औषधांचा डोस वर्षाला साडेतीनशे डॉलरना द्यायची तयारी दाखवली आणि जगभर खळबळ उडाली, कारण तोवर तेच औषध वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होतं. ती औषधं आफ्रिकेकडे रवाना झाली. आपल्या बीडच्या, सांगलीच्या माणसाला ती फुकट मिळायला अजून तीन वर्षं जायची होती. तेव्हा ज्या पिढीनं शेजारचा तरुण पोरगा डोळ्यांदेखत वाळून मेलेला बघितला, तिला आम्ही २००६ मध्ये सांगायला लागलो, ‘आता औषध आहे हो, जा सिव्हिलला.’ त्यांनी का विश्वास ठेवावा? शिवाय मधल्या काळात ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणारे भोंदू कमी नव्हते, त्यांना एकेकानं म्हैस विकून पैसे दिलेले. ती माणसं अडाणी होती असं मी म्हणणार नाही. त्यांचा अनुभव खरा होता, आमचं सांगणं नवीन होतं.

पण याहून मोठी गोष्ट वेगळी आहे आणि ती आमच्याच हातून झाली.

औषध आलं, पण सगळ्यांना नाही. सी.डी. फोरचा आकडा २००च्या खाली गेला की गोळ्या सुरू करायच्या, असा सुरुवातीचा नियम. त्याला कारणं होती. औषधं थोडी, जुनी औषधं अंगावर येणारी, आणि लवकर सुरू करून फायदा होतो हे तेव्हा पक्कं झालेलं नव्हतं. पुढे ती मर्यादा वाढत वाढत ३५० झाली, मग ५००. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं म्हटलं की आकडा बघूच नका, निदान झालं की उपचार द्या, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडेही तोच नियम लागू झाला. म्हणजे तेरा वर्षं आपण पॉझिटिव्ह माणसाला साठ किलोमीटर बोलवत होतो, रक्त काढत होतो आणि सांगत होतो, ‘तुमचा आकडा चांगलाय. सहा महिन्यांनी या.’

हे वाक्य मीही म्हटलंय. शेकडो वेळा, हसून म्हटलंय. एका बाईचा आकडा ४१० आला होता. आनंदाची बातमी दिल्यासारखं मी तिला सांगितलं, ‘अजून गोळ्यांची गरज नाही.’ तिचा चेहरा फुलला. म्हणाली, ‘म्हंजे तसं काय नाहीच म्हणा की!’ मी म्हटलं, ‘आहे, पण...’ त्या ‘पण’च्या पुढचं तिनं ऐकलंच नाही. घरी जाऊन सासूला सांगितलं, मोठ्या दवाखान्यात तपासलं, काही निघालं नाही. चार वर्षांनी ती आली तेव्हा तोंडात पांढरा बुरा साठलेला, गिळता येत नव्हतं. ती वाचली, गोळ्या चालू आहेत, परवा मुलीच्या लग्नाचं निमंत्रण द्यायला आली होती. पण ते नशीब. जी माणसं पोचली होती, पार दारापर्यंत आली होती, त्यांना आम्ही स्वतः परत पाठवलं आणि वर आमच्याच यादीत ‘मिसिंग’ लिहिलं.

नियम बदलला तरी त्याची सावली जात नाही. २०१९ मध्येसुद्धा लोक यायचे आणि म्हणायचे, ‘आमच्या चुलत्याला सांगितलं होतं की लगेच गोळ्या नसतात.’ खरंच होतं ते. २०११ मध्ये खरं होतं.

आता बायकांचं बोलू, कारण माझ्या खोलीत निम्म्याहून जास्त तपासण्या गरोदर बायकांच्या व्हायच्या. तुम्ही विचार करा, घरात आधी तपासणी कुणाची होते? सुनेची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नाव नोंदवायला आली की रक्त काढलं. नवरा कधीच तपासलेला नसतो. मग रिपोर्ट तिचा आधी येतो आणि रिपोर्ट आधी आला म्हणून आजारही तिनंच आणला. हा न्याय मी शंभर घरांत बघितला. नवऱ्याला बोलवा म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘ते कामावर आहेत.’

त्यात आपली रीत. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या तालुक्यात तपासणी, सातव्या महिन्यात माहेरच्या जिल्ह्यात, बाळंतपण तिथल्या दवाखान्यात, सव्वा महिन्यानं परत सासरी. सासरी मी चिठ्ठी देणार, माहेरी ती चिठ्ठी दाखवायची सोय नाही, कारण माहेरी अजून कुणाला माहीत नाही. किंवा उलट, आईला सांगितलंय आणि सासूला नाही. एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘ताई, गोळी मी कुठल्या गावाला सुरू करू?’ आमच्या फॉर्ममध्ये पत्ता एकच लिहायला जागा.

आणि आम्ही तिच्याशी बोलायचो कशाबद्दल? बाळाबद्दल. बाळाला होऊ नये म्हणून हे घे, बाळासाठी ते कर. २०१४ पर्यंत व्यवस्थाच अशी होती की बऱ्याच जणींना औषध मिळायचं ते बाळाला लागण होऊ नये एवढ्यापुरतं. बाळ निगेटिव्ह निघालं की आम्ही पेढे खायचो. पुढे आई कुठे गेली? २०१४ पासून नियम झाला की गरोदरपणात सुरू केलेली गोळी आईसाठी जन्मभर चालू ठेवायची. चांगला नियम. पण कित्येकजणींच्या डोक्यात ते पक्कं बसलंय की गोळी बाळाची होती, बाळ झालं, काम झालं.

विधवांचं तर विचारूच नका. नवरा गेला, जमिनीचा वाटा द्यायचा नाही, तेव्हा दिराच्या हातात हा रिपोर्ट म्हणजे हत्यार. ती सिव्हिलला गेली तर पुरावा तयार होतो. मग ती जाणार नाही. हे अज्ञान आहे का सांगा.

ऊसतोडीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. इथेच निम्मी गावं दिवाळीनंतर मोकळी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, पाच-सहा महिने कारखान्याच्या पट्ट्यात पालात राहायचं. एक खाडा झाला तर तो उचलीतून कापला जातो. अशा माणसाला ‘उद्या रक्त द्यायला या, परवा रिपोर्ट न्यायला या, आणि सोमवारी डॉक्टर असतात’ असं सांगणं म्हणजे जाऊ नको म्हणण्यासारखंच. आमच्या वेळी सी.डी. फोरचे वारसुद्धा ठरलेले असायचे. मशीन एक, तालुके दहा. गोळी सुरू व्हायच्या आधी तीन-तीन चकरा व्हायच्या आणि त्याला ‘पेशंटची तयारी करून घेणं’ म्हणायचे. तयारी कुणाची होती ते असो. आता नियम चांगला झालाय: टी.बी.ची किंवा मेंदूच्या आजाराची लक्षणं नसतील तर आठवड्याच्या आत, जमलं तर त्याच दिवशी गोळी सुरू करता येते. एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर बदलीही मिळते. कोविडच्या टाळेबंदीत तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला लागले, जे आम्ही वर्षानुवर्षं मागत होतो आणि ‘पेशंट बेजबाबदार होतील’ म्हणून मिळत नव्हतं. कुणी बेजबाबदार झालं नाही.

तालुक्याच्या खाली तर अजून एक पायरी आहे, ती बाहेरच्या माणसाला दिसतही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकच तपासणी होते. तिथे आलं तर ‘रिॲक्टिव्ह’ म्हणतात, पॉझिटिव्ह नाही. पक्कं करायला आमच्याकडे यायचं, आणि मग आम्ही सिव्हिलला पाठवायचं. म्हणजे माणूस वाईट बातमी दोनदा ऐकणार आणि गोळी तिसऱ्या गावात.

खाजगीकडे वळते. थोडक्यात बोलते, कारण फार बोलले तर रागावेन. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, त्यात न विचारता एच.आय.व्ही.ही तपासतात. पॉझिटिव्ह आलं की रिपोर्ट पेशंटला नाही, त्याच्या भावाच्या हातात. आणि तोंडी निरोप, ‘हे ऑपरेशन इथं होणार नाही.’ माझ्या नात्यातल्याच एकाच्या हर्नियाला हे झालं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तो माणूस त्यानंतर कुठल्याच दवाखान्यात पाऊल ठेवेना. ज्या दारात पहिल्यांदा बातमी कळते, त्याच दारातून हाकललं, तर पुढची दारं तो ठोठावेल कशाला? २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमती घेतल्याशिवाय तपासणी करायची नाही, उपचार नाकारायचे नाहीत, नोकरीवरून काढायचं नाही, कुणाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही. कागदावर उत्तम कायदा आहे. पण त्याखाली तक्रार करायची तर आधी ‘मी’ म्हणून उभं राहावं लागतं.

सवलतींचंही तसंच. एस.टी.त एच.आय.व्ही.बाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे. किती जणांना माहीत होतं? बघा, दोन-तीन हात. आता डोळ्यांपुढे आणा, आपल्याच गावाहून सुटणारी गाडी, गच्च भरलेली, आणि कंडक्टर विचारतोय, ‘सवलत कसली?’ माझ्या पेशंटांपैकी ती सवलत वापरणारा मला एकही आठवत नाही. पदरचे पैसे घालून अर्धं तिकीट, पूर्ण तिकीट, काय लागेल ते काढतील, पण तो कागद पुढे करणार नाहीत. संजय गांधी निराधार योजनेत अनुदान आहे, पण त्यासाठी तलाठ्यापासून समितीच्या यादीपर्यंत किती टेबलं! सरकारनं द्यायला हात पुढे केला, पण घेणाऱ्यानं आधी ओरडून सांगायचं की मला काय झालंय. देणाऱ्याच्या मनात वाईट नाही. त्याच्या मनात तो कंडक्टर आलाच नाही, एवढंच.

पहिल्या दिवशी आम्ही काय बोलायचो, त्याचाही दोष आहे. हे करू नका, ते करू नका, निरोध वापरा, दारू सोडा, नवऱ्याला सांगा. नकारांची माळ. २०११ मध्ये एक मोठा अभ्यास जाहीर झाला, नऊ देशांत केलेला, त्यात आपल्या पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती: एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. पॉझिटिव्ह जोडीदारानं लवकर गोळी सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. आणि पुढच्या अभ्यासांतून तर हे पक्कं झालं की गोळी नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागतच नाही. आता आजची गोळी दिवसातून एकच आहे. पहिल्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत, ‘ही गोळी घेतलीत तर तुमच्यापासून तुमच्या बायकोला होणार नाही’ एवढं सांगितलं तर माणूस त्या बाकड्यावर जास्त वेळ बसायची हिंमत करतो. मी हे उशिरा शिकले. मी आजाराची भीती घालून पाठवत होते, आणि त्याला भीती आधीच पुरेशी होती.

तरी गोळी घरात ठेवायची कुठे, हा प्रश्न राहतोच. दोन खोल्यांचं घर, पाच माणसं. बाटली प्लॅस्टिकची, आत तीस गोळ्या, उचलली की खुळखुळते. एक बाई ती बाटली ज्वारीच्या कणगीत ठेवायची. एकानं लेबल खरवडून काढलं आणि आत कापूस भरला, आवाज होऊ नये म्हणून. काही जण केंद्राच्या बाहेरच, सायकल स्टँडपाशी उभे राहून, गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ओततात आणि मूळ बाटली तिथेच टाकून देतात. कुठलंही ए.आर.टी. केंद्र शोधायचं असेल तर पाटी बघू नका, जवळचा कचऱ्याचा डबा बघा.

मग पोचतात ते कशानं पोचतात? कारण पोचतात हो. आज देशात पंचवीसेक लाख लोक एच.आय.व्ही.सह जगताहेत, आणि राज्यांमध्ये सगळ्यांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात, चार लाखांच्या घरात. त्यातले बहुतेक गोळ्या घेताहेत. पोस्टर बघून पोचलेला माणूस मला क्वचित भेटला. जवळपास प्रत्येकाला कुणीतरी नेलेलं असतं. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेनं १९९२ पासून जे काम केलं, त्यात शरीरविक्रय करणाऱ्या बायकाच एकमेकींना दवाखान्यात न्यायला लागल्या. नेणारीला कुणाला काही समजवायची गरज नसायची. ती त्याच बाकड्यावर बसून आलेली असायची.

आमच्याकडे पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनेची एक कार्यकर्ती होती. नाव सांगत नाही. नववारी नेसणारी, पन्नाशीची, चौथी शिकलेली. तिची स्वतःची ग्रीन बुक, म्हणजे ए.आर.टी.ची वही, पिशवीत भाजीच्या खाली असायची. तिची पद्धत मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती तुसडी वाटली होती. नव्या पेशंटला ती सांगायची, ‘उद्या सव्वानऊची गाडी. मी असते. माझ्याशी बोलायचं नाही.’ ती पुढे दोन बाकं सोडून बसणार. आपलं तिकीट आपण काढणार. सिव्हिलच्या थांब्यावर आधी ती उतरणार आणि मागे न बघता चालायला लागणार. पेशंटनं फक्त तिच्या लुगड्याच्या रंगावर नजर ठेवायची. गेटवर कुणाला विचारायचं नाही, ए.आर.टी. कुठंय ते. ती वळेल तिथं वळायचं. केसपेपरच्या खिडकीवर ती आधीच पुढे होऊन काहीतरी बोलून ठेवायची. आणि बाकड्यावर कुणी ओळखीचं बसलेलं दिसलं, तर ती तशीच सरळ पुढे चालत जायची, हाडांच्या ओ.पी.डी.कडे. पेशंटही मागोमाग. तिथे दोघं गुडघे चोळत बसायचे, तो माणूस उठून जाईपर्यंत.

तिनं नेलेल्यांपैकी कुणी मिसिंग झालं नाही असं मी म्हणणार नाही. झाले. पण कमी झाले. मी तिला एकदा विचारलं, हे कुणी शिकवलं? तर म्हणाली, ‘मला कुणी न्हेलं न्हवतं. मी तीनदा गेटवरनं परत आले.’

आता अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, तेव्हा थांबते. प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्यात. बहुतेक प्रश्न लसीबद्दल आहेत. त्याचं उत्तर सोपं आहे: अजून लस नाही.

ही एक चिठ्ठी वेगळी आहे. चौघडी केलेली. नाव नाही. विचारलंय, ‘दुसऱ्या जिल्ह्यात तपासलं तर चालतं का आणि नाव सांगावं लागतं का?’

चालतं. कुठल्याही जिल्ह्यातल्या, कुठल्याही सरकारी केंद्रात तपासता येतं, फुकट. हाच तालुका तुमचा असला पाहिजे असं काही नाही. नाव रजिस्टरमध्ये लिहितात, रजिस्टर कुलपात असतं, आणि उपचार करणाऱ्यांसारखे थोडे अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ते कुणाला सांगायला कायद्यानं मनाई आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, नाव नाही सांगितलं तरी चालतं.

आणि मी आज रात्री इथेच मुक्कामाला आहे. उद्या सकाळी जिल्ह्याला जाणाऱ्या सव्वानऊच्या गाडीनं परत निघणार. नऊपासून स्टँडवर असेन, निळी पिशवी आहे माझ्याकडे. पुढच्या दारापासून दुसऱ्या बाकावर बसेन. तिकीट आपापलं काढू.